मामाची न भरणारी टाकी

माझ्या मामाला दोन गोष्टींचा भारी गर्व होता: त्याच्या विहिरीचं गोड पाणी आणि संडासाची टाकी. लग्नानंतर बांधलेली ती टाकी आजवर एकदाही उपसावी लागली नव्हती, आणि हे तो पाहुण्यांना जेवताना सांगायचा. मामा गावच्या समितीचा अध्यक्ष, त्यामुळे ऐकून घेण्यावाचून कुणाला गत्यंतर नव्हतं.

मी किनाऱ्यावरच्या लहान गावांसाठी पाणी आणि गटारांची योजना आखणारी इंजिनिअर. ही माझी पहिलीच योजना. बाकीची गावं राजी झाली होती, पण मामाचं गाव बरोबर मध्यात. ते नाही म्हणालं तर पाईप पुढे न्यायचा कुठून? सगळंच बारगळलं असतं. मामा मात्र हटून बसला होता. आमच्या टाक्या उत्तम आहेत, पोरीला उगाच शिकवली, असं तो माझ्यादेखत लोकांना सांगायचा आणि लोक माना डोलवायचे. मी त्याच्याच घरी राहत होते, त्याचंच खात होते, म्हणून दातओठ खाऊन गप्प बसायचे.

वाळूत टाकी भरत नाही म्हणजे ती गळते, हे मी एकदा समजावून पाहिलं. तो भडकला, म्हणाला सिद्ध कर. मग मी रंगाची बाटली काढली. पाण्याचा माग काढायला हा रंग वापरतात. त्याने अपाय होत नाही, पण जिथे पोचेल तिथे तो उन्हात हिरवा चमकतो. मामाने तो स्वतःच्या हाताने संडासात ओतला आणि वर दोन बादल्या पाणीही ओतलं.

मी शेजाऱ्यांच्या विहिरी, ओढा, किनारा, सगळं पालथं घातलं. हिरवं काही दिसेना. मामाच्या विहिरीत डोकावायची सोय नव्हती. ती टाकीच्या वरच्या अंगाला, आणि तिच्यावर संशय म्हणजे घराण्याचा अपमान. मामाने माझी फजिती गावभर सांगितली आणि योजना कायमची गुंडाळायला आपल्याच अंगणात सभा बोलावली.

सभेत मामीने पाणी आणलं. घरात आम्ही स्टीलच्या पेल्यातून प्यायचो, पण चारचौघांसाठी तिने कपाटातले काचेचे ग्लास काढले होते. मामा भाषणाच्या भरात होता. ट्रे उन्हात आला आणि सगळे ग्लास पोपटी चमकू लागले. विहिरीवरचा पंप पाणी ओढताना चढ-उतार बघत नाही, चहूबाजूंनी ओढतो, हे मला कुणाला समजवावं लागलं नाही.

मामा म्हणाला, "शेवाळ असेल."

मामी सभेत कधी बोलत नसे. तिने ट्रे त्याच्यापुढे ठेवला.

"इतकी वर्षं टाकी भरत नाही म्हणून मिरवलंत," ती म्हणाली. "भरेल कशी? आपणच रोज रिकामी करत होतो."

कुणी हसलं नाही, कारण मामाच्या घरचं पाणी न प्यायलेला माणूस त्या अंगणात नव्हता. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मामाने घसा खाकरला आणि योजनेच्या बाजूने हात वर केला. त्याच्या मागोमाग सगळ्यांचे हात वर गेले. मग त्याने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "पाईप टाकायला आपल्या घरापासून सुरुवात करता येईल का गं?"

मी ऐटीत होकार द्यायला तोंड उघडलं, आणि आठवलं की या घरी आल्यापासून रोज सकाळी उपाशीपोटी मीही तेच पाणी तांब्याभर पीत होते.