लाल ज्वारीने भरलेला टब

मी एक जुना निळा टब आहे. कंधार तालुक्यातल्या एका गावच्या अंगणवाडीमागे, हौदाच्या कडेला, मी पालथा पडलो आहे. मित्रांनो, मला सुलटा करून बघू नका. माझी गोष्ट मी इथूनच सांगतो, म्हणजे मला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही.

कारखान्यात साच्यातून निघालो आणि कंधारच्या बाजारात आलो. तिथे अंगणवाडीच्या मदतनीस पारूबाईंनी मला बोटांनी वाजवून बघितलं आणि दुकानदाराशी मनसोक्त भांडून घरी नेल्यासारखं अंगणवाडीत नेलं. माझ्यात खिचडीची ताटं धुतली जायची. उष्टं पाणी, चिकट शितं आणि वरून पारूबाईंची बडबड. तक्रार नव्हती, पण मिरवावं असंही काही नव्हतं.

मग आमच्या सेविका तनुजाताई नांदेडला प्रशिक्षणाला जाऊन आल्या. तिथे त्यांनी रंगीत तांदळाने भरलेला टब पाहिला. तांदळात त्रिकोण, चौकोन, गोल लपवायचे. मुलांनी हात खुपसून ते शोधायचे, चाचपून आकार ओळखायचा, रंगाचं नाव सांगायचं. ताईंनी पुठ्ठ्याचे आकार कापले, त्यांवर घोटीव कागद चिकटवले. मला घासूनपुसून मोठ्या मानाने आत आणलं. पण तांदळापाशी त्यांचा हात अडला.

"लेकरांच्या तोंडचा तांदूळ रंगवून खेळायला टाकू? जीव धजंना बघा," त्या पारूबाईंना म्हणाल्या.

त्यांच्या घरी पेरणीतून उरलेलं बी होतं. लाल ज्वारी, गुलाबी मका, निळं कपाशीचं बी. आयते रंग! शिवाय ते कुणाच्या खाण्यातलं नव्हतं, त्यामुळे अन्न वाया गेल्याची टोचणीही नव्हती. त्यांचे सासरे अमृतराव स्वतः पिशवी घेऊन आले.

"किडीचं औषध लावलेलं हाय बरं का त्याला," ते म्हणाले.

"धुऊन घेते की, मामा."

"मग काय हरकत न्हाई."

ते बी माझ्यातच धुतलं. पाणी लालभडक झालं, ओतून दिलं, तरी दाणे लालच राहिले. "रंग लई पक्का हाय," म्हणून ताई खूश झाल्या. मीही खूश झालो. ते पाणी माझ्या अंगाला लागत होतं आणि मला काही कळलं नाही. ही गोष्ट आठवली की आजही मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मुलं माझ्याभोवती गोळा झाली. कोपरापर्यंत हात घालून हसायची. तपासणीला आलेल्या मॅडमनी माझा फोटो काढला. ताटं धुणारा मी, एकदम शाळेतला झालो. असा फुगलो की विचारू नका.

हुरड्याचे दिवस होते. शिवगंगाची लेक शिवांगी रोज संध्याकाळी, आईने रानातून आणलेला हुरडा तिच्या तळहातावरून खायची. ज्वारी दिसली की मूठ तोंडात, एवढंच तिला माहीत. त्या सकाळी तिने माझ्यातली मूठ भरली आणि चावली. कुणाच्या लक्षात आलं नाही. थोड्या वेळाने तिच्या तोंडातून लाळ गळू लागली, मग उलट्या. उलटीत लाल दाणे होते. पारूबाईंनी बोंब ठोकली, ताईंनी पोरीला छातीशी धरून रिक्षा गाठली.

शिवांगी वाचली. दवाखान्यातून घरी आल्यावर शिवगंगा अंगणवाडीच्या दारात उभी राहिली. तिने आरडाओरडा केला नाही.

"ताई, तुमच्या भरवशावर सोडून मी रानात जात व्हते," एवढंच म्हणाली.

 तनुजाताई माझ्याकडे बघूच शकल्या नाहीत. अमृतरावांनी उरलेलं बी खोल खड्ड्यात पुरलं. मला साबणाने घासलं, तरी वास गेला नाही. मग मी हौदापाशी पालथा झालो. अंगणवाडी ओस पडली. गाव आपली लेकरं पाठवेना.

शेवटी ताईंनी लेकरांच्या आयांना बोलावलं. घरून आपल्या लग्नातली परात आणली होती. त्यात तांदूळ होता, हळदीचा पिवळा, बिटाचा लाल, पालकाचा हिरवा, आणि त्यात लपवलेले नवे आकार. सगळ्यांसमोर त्यांनी आधी स्वतः मूठभर तांदूळ तोंडात टाकला आणि कराकरा चावून गिळला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शिवगंगानेही परातीतला एक दाणा चावून बघितला. मग तिने शिवांगीला मांडीवरून खाली सोडलं.

पोरीने परातीतून पिवळा गोल काढला. मला मागच्या उघड्या दारातून दिसलं. तेवढ्यात तिची नजर माझ्यावर पडली. माझी लाडकी शिवांगी! तो गोल घेऊन ती धावत आली आणि मला सुलटा करायला वाकली.

"शिवांगी! त्याला हात लावू नको!" ताई किंचाळल्या आणि तिला ओढून आत घेऊन गेल्या.

त्यांचं बरोबरच होतं. मित्रांनो, पोटात काय घातलंय हे भांड्याला सांगता येत नाही, आणि लेकरू कधी विचारत नाही. मुलांपुढे काही ठेवण्याआधी ते विचारायचं काम तुमचं आहे. तेवढं विसरू नका.