स्वरूपाताईंच्या हातून निसटलेला चेंडू

मी एक जुना चेंडू आहे, मित्रांनो. गोल नव्हे, लांबुळका, दोन्ही टोकांना निमुळता, अमेरिकन फुटबॉलचा. चामड्याचे चार तुकडे शिवून, पोटात फुगा घालून, वर पांढरी नाडी ओवून मला घडवले. जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या एका दुकानातून स्वरूपाताईंनी मला आपल्या मुलासाठी, हृषिकेशसाठी, घरी आणले.

हृषी शाळेत होता, वर्गात सर्वांत बुटका. त्याला क्वार्टरबॅक व्हायचे होते, म्हणजे संघाच्या मधोमध राहून चेंडू दूर फेकणारा. शाळेचे प्रशिक्षक म्हणाले, "समोरच्या धिप्पाड पोरांपलीकडचं तुला दिसणारच नाही." तो रडत घरी आला.

आई एके काळी पुण्यात खो-खो खेळलेली. म्हणाली, "वरून दिसत नाही ना? मग फटीतून बघ. चल, मी पळते, तू टाक."

मग रोज संध्याकाळी नदीकाठच्या कुरणावर आम्ही तिघे. झाडांच्या रांगेमागून आई पळायची, हृषी खोडांमधल्या फटीतून मला भिरकावायचा आणि मी तिच्या ओंजळीत अलगद विसावायचो. हृषी शाळेच्या संघात आला, मग शहराच्या. त्याच्या हाताचे नाव झाले, तेव्हा माझेही कौतुक झाले.

पण मी आईच्या हातून निसटू लागलो. कधी खांद्यावर आदळायचो, एकदा तर तोंडावर. हृषी चिडून जर्मनमध्ये ओरडला. "ममा, शाऊ डोख हिन! नीट बघ ना!"

"वय झालं रे माझं," आई हसून म्हणाली.

घरी हृषीच्या बाबांनी, श्रीधररावांनी, हळूच विचारले, "डॉक्टर काय म्हणाले ते त्याला कधी सांगणार?"

"अहो, हॅम्बर्गच्या संघाशी त्याचा करार होऊ दे. कळलं तर तो जायचाच नाही."

तिची नजर कडांपासून आत आत विझत चालली होती.

हृषी हॅम्बर्गच्या व्यावसायिक संघात गेला. मी कपाटात पडलो. हवा गेली, चामडे सुरकुतले. हृषी घरी क्वचित यायचा, आणि फोनवर आईचा आवाज नेहमी हसरा असायचा. फोन ठेवल्यावर मात्र ती चाचपडत कपाट उघडायची आणि मला मांडीवर घेऊन बसायची.

त्याच्या पहिल्या मोठ्या सामन्याला तिने मलाही पिशवीतून नेले. पाऊस पडत होता. श्रीधरराव तिच्या कानाशी सांगत होते, "टाकला... झेलला! जिंकले गं!"

हृषी धावत कठड्यापाशी आला. "ममा, शेवटचा थ्रो पाहिलास?"

आईने त्याच्या गालाकडे हात नेला. पण हात गालाच्या बाजूला हवेतच राहिला.

हृषी पाहतच राहिला. "कधीपासून?" त्याने मराठीत विचारले.

"कुरणावर खेळायचो ना, तेव्हापासून."

त्याने तिचा हात धरून आपल्या चेहऱ्यावर ठेवला. ओल्या गालांवरून बोटे फिरवत आई म्हणाली, "उंच झालास का रे थोडा?"



मित्रांनो, माझ्यात पंपाने पुन्हा हवा भरता येते. त्या डोळ्यांत उजेड भरता आला नाही. तुमच्या माणसाच्या हातून काही निसटू लागले, तर ओरडू नका. जवळ जा आणि विचारा.