पैकी दोन मुठीत

उंच डोंगरावरच्या त्या कुरणात मीटरभर लाकडी चौकट सूनबाईनं जपून मांडली. गेली चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात सासरे इथल्या खुणेच्या एकेका दगडाशी ही चौकट ठेवून आतली फुलं मोजत आले होते. यंदा गुडघे रुसले. खेचरावर बसून कसेबसे आले होते ते, वही तिच्या हाती सोपवायला.

नियम मात्र कडक. आधी तिनं मोजायचं, मग त्यांनी, आणि आकडा एकदम बोलायचा. तीनदा जुळला नाही, तर त्या वर्षीचं पान कोरं. आजवर एकही पान कोरं नव्हतं.

दोन वर्षांची ठकी कड्याकडे धावेल या धास्तीनं तिनं लेकीला ओढणीनं आपल्या कमरेला बांधून टाकलं होतं.

"तेवीस!" "बावीस!"

पुन्हा मोजलं. या खेपेला तिला बावीसच भरली. चला, मघाशी आपलंच चुकलं!

"बावीस!" "एकवीस!"

"बाबा, माझी फिरकी घेताय का?"

"मी कशाला घेऊ? कॉलेजात एकवीसपुढं बावीसच शिकवतात ना अजून?"

तिचे डोळे भरून आले. पहिल्याच वर्षी कोरं पान! तेवढ्यात कमरेला हिसका बसला. तिनं मागं पाहिलं. ठकीच्या मुठीत दोन पिवळी फुलं. कडा, वारा, ऊन, सगळीकडे डोळ्यांत तेल घालून पाहिलं. ओढणी चौकटीपर्यंत पोचते, तेवढं राहिलं.

"वाट लावली हिनं, बाबा!"

सासऱ्यांनी हसत वहीचं जुनं पान उघडलं. 'पांढरी: एकोणीस. पैकी एक चिरंजीवांनी खाल्लं.'

"म्हणजे... हे?"

"दुसरं कोण? तुझी सासू म्हणाली, एक दिवस तुम्ही सांभाळून दाखवा. आणला पाठीवर बांधून. तेव्हा बायका वर येत नसत."

ती खो खो हसत सुटली. मग चौकटीकडे पाहून थबकली. "पांढरं तर एकही नाही यात."

"गेली ती वर, त्या सुळक्यापाशी. ऊब वाढत गेली, तशी सरकली बिचारी. आणि ही पिवळी तेव्हा खाली आपल्या दारात असायची. आता ती इथं, नि तूही इथं. मोज, तिसरी खेप आहे."

"एकवीस!" "एकवीस!"

तिनं ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'पिवळी: तेवीस. पैकी दोन ठकीच्या मुठीत.' मग ओढणीला आणखी एक गाठ मारून ती आखूड केली, आणि पुढच्या दगडाकडे निघाली.