अंगावरचे टाके

भाऊबीज झाली की आमच्या गावात मंडईची जत्रा भरते, आणि सोंगं घेऊन पुरुषांची दंडार नाचली नाही तर ती मंडई कसली! त्या दंडारीत माझा बा, लटारू, चाळीस वर्षं राधा झाला. माय गेली तसं त्यानं राधेचं लुगडं पेटीत ठेवलं, ते तीन वर्षं काढलं नाही. यंदा आपणहूनच म्हणाला, "एकडाव अजून नाचून पाह्यतो." पण धानाच्या बांधीत पडल्यापासून त्याचा उजवा हात खांद्यावर जात नाही. जुनी चोळी चढेना. चोळीवाचून राधा नाही, आणि पेटी आता बंद झाली की कायमची, हे मला ठाऊक होतं.

मी शिवणकाम करते. ब्रह्मपुरीच्या दुकानात अर्धा दिवस ठाण मांडून बसले. चकाकती लायक्रा ताणायला छान, पण म्हाताऱ्याचं पोट गावभर दाखवेल. मखमल दिसायला राणी, ताणायला दगड. शेवटी दुहेरी विणीची जाड होजियरी निघाली. वीतभर ओढून सोडली, तर होती तेवढी झाली. पुन्हा ओढली.

"बाई, फाडता का?" दुकानदार म्हणाला.

"भाऊ, तुमाले घालाची नाई," म्हणत मी आणखी दोनदा ओढली.

चोळी अशी बेतली की डोक्यातून नाही, पायातून वर घ्यायची. कमरेवर फाकते, छातीवर आली की अंगासरशी बसते. मंडईच्या सांजेला बानं ती हात न उचलता घातली. मी माझ्यावरच खूश झाले.

बा मात्र बाजेवर बसून राहिला. "जाड लागते," म्हणाला.

"नाचता येईना, अंगण वाकडं! ऊठ, ढोलकी वाजून राह्यली."

"टाके नाई मारत का?"

जुन्या चोळीचे हूक नाचताना तुटायचे. म्हणून माय दर मंडईला ती त्याच्या पाठीवरच शिवून टाकायची. अंगावर शिवताना बोलू नये, म्हणून त्याच्या दातात धानाच्या तणसाची काडी द्यायची. एरवी गावाला हसवणारा बा तेवढा वेळ गप्प, आणि माय त्याच्या पाठीशी. आम्ही पोरं दारातून पाहायचो. त्या घरासाठी माझा जीव अजून तुटतो.

"गरज नाई, बा. हा कपडा आपोआप धरते."

"कपडा धरते. मले भेव लागते. तुही माय टाके मारे, तवा भेव जाये."

मी सुई ओवली. या कपड्याला ताठ टाका चालत नाही, ताणला की दोरा तुटतो, म्हणून हात सैल ठेवायचं ठरवलं. काडी आणायला उठले, तर बानं ती कधीचीच दातात धरली होती.

मी सात टाके मारले, माय मारायची तेवढेच. चोळीला त्यातल्या एकाचीही गरज नव्हती. बा उठला आणि राधेच्या चालीनं बाहेर पडला.