मॉर्लेसाहेबांचा टोप

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे. स्वयंपाकघरातला नव्हे. नाटकवाले डोक्यावर जे खोटे केस चढवतात त्याला टोप म्हणतात, तो मी. आज मला पाहिलंत तर काथ्याचं घरटं आठवेल. माझी जाळी आक्रसली आहे, निम्म्या गाठी सुटल्या आहेत आणि अंगाला अजून खोबरेल तेलाचा वास येतो. पण मी लंडनच्या रंगभूमीवर दिव्यांच्या झोतात उभा राहिलेलो आहे, हे खोटं नाही.

माझे केस खोटे म्हणतात, तेही तसं खरं नाही. ते एका मुलीचे होते. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा खेड्यात जत्रेच्या दिवशी केसांच्या व्यापाऱ्याकडे तिची वेणी कापली गेली. तिनं डोक्याला रुमाल बांधला आणि ती घरी गेली. तिचं नाव मला कुणी सांगितलं नाही. पुढे लंडनमध्ये एका बाईनं आकड्याच्या सुईनं त्या वेणीतला एकेक केस रेशमी जाळीत ओवला आणि त्याला गाठ मारली. चाळीस दिवस ती मान मोडून बसली होती. कपाळाकडची माझी कड इतकी तलम केली होती की डिंकानं चिकटवली की कातडीत विरून जाई. रंग तपकिरी, उन्हात मधासारखा.

ज्यांच्यासाठी मला घडवलं ते एडगर मॉर्ले. छापखान्यातल्या कामगाराचा मुलगा. पंधराव्या वर्षी नाटक कंपनीत शिरले ते राजाच्या मागे भाला धरून उभं राहायला. पाच वर्षं नुसते उभे राहिले. मग एकदा नायक आजारी पडला, आणि भालदारानं त्याचं सगळं काम तोंडपाठ म्हणून दाखवलं. तेव्हापासून ते नायकच. आवाज असा की शेवटच्या बाकावरच्या म्हातारीलाही वाटावं, हा माझ्याच कानात बोलतोय. त्या काळच्या मुक्या चित्रपटांतही ते दोन-तीनदा झळकले. पण तिथे आवाज ऐकूच येत नव्हता, म्हणून लोक त्यांचे दाट केसच पाहत राहिले.

आणि छत्तिसाव्या वर्षी, एका लांबलेल्या आजारात, ते केस गेले.

मग मी आलो. नऊ वर्षं मी त्यांच्या डोक्यावर होतो. रंगमंचावर, मेजवानीत, आगबोटीवर. ते मला कुणासमोर काढत नसत. झोपताना खोलीला आतून कडी लावत, मला लाकडी डोक्यावर ठेवत, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसत. पाण्याचा थेंब लागू देत नसत. त्यांना वाटे, जगात हे गुपित फक्त आम्हा दोघांना ठाऊक आहे.

१९३० सालच्या फाल्गुनात त्यांची कंपनी हिंदुस्थानच्या दौऱ्यावर हुबळीला आली. रेल्वेच्या गोऱ्या साहेबलोकांसाठी तीन दिवस खेळ होते. गावातल्या मोजक्या मंडळींनाही बोलावणं होतं. त्यांत पद्मनाभ वकील होते. नाटकाचं वेड इतकं की कोर्टातही बाजू मांडताना आवाज आधी खाली आणून मग उंच नेत. तिसऱ्या दिवशी पडदा पडला आणि मॉर्लेसाहेब हिवतापानं कोसळले. कंपनीला पुढे पुणे, मुंबई गाठायची होती. पद्मनाभ वकिलांनी त्यांना टांग्यात घातलं आणि उणकलच्या वाटेवरच्या आपल्या घरी, बाहेरच्या खोलीत आणून निजवलं.

त्या घरात वकिलांची पत्नी श्यामला होती, आणि वकिलांची थोरली बहीण वेणूबाई. सगळे तिला वेणूअक्का म्हणत. तिचं वय सेहेचाळीस. सतराव्या वर्षी तिचा नवरा गेला. मित्रांनो, तेव्हा काही घरांत अशी रीत होती की नवरा गेलेल्या बाईचे केस काढून टाकायचे. ते पुन्हा वाढू नयेत म्हणून दर पंधरवड्याला न्हावी मागच्या दारी येई. वेणूअक्काच्या अंगावर तांबडं आलवण, म्हणजे विधवेचं लुगडं, पदर कपाळापर्यंत ओढलेला. कंगवा तिनं एकोणतीस वर्षांत हातात धरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी साहेबांना ताप चढला, शुद्ध हरपली. श्यामला पेजेची वाटी घेऊन गेली. उशी नीट करायला तिनं डोक्याखाली हात घातला, आणि तशीच धावत आत आली. मी तिच्या मुठीत होतो.

"वन्सं, साहेबांचे केस निघून हातात आले."

"तापात केस जातात गं," वेणूअक्का चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली. "पण असे सगळे मिळून जातात व्हय?"

वकील हसत सुटले. "अक्का, तो टोप आहे. नाटकातला."

"असू दे की. काय दशा केलीय केसांची. घाम, डिंक, वरनं औषधाचा वास. आण इकडे. केस कुणाचे का असेनात, असे ठेवू नयेत बाई."

आणि मग, मित्रांनो, तिनं माझं ते केलं जे जगातल्या कुठल्याही नाटकवाल्यानं केलं नसतं. तिनं मला न्हाऊ घातलं. कढत पाणी, शिकेकाई, रिठा. खसाखसा चोळलं, पिळलं, परातीत पसरून उन्हात वाळवलं. मग माका घालून कढवलेलं खोबरेल तेल बोटांनी मुळापर्यंत जिरवलं. श्यामलाची लाकडी फणी मागून घेतली आणि मला मांडीवर घेऊन ती विंचरू लागली. गाठी सुटत होत्या, जाळी आक्रसत होती, मी मरत होतो. पण इतक्या मायेनं मला आजवर कुणी हात लावला नव्हता. विंचरता विंचरता ती हलक्या आवाजात म्हणत होती :

दूर देशीची गं लेक, तिचे केस माझ्या दारी
कोण माउली गं तिची, तिला पुसते का तरी

विंचरून झाल्यावर तिनं डोक्यावरून पाणी घेतलं, कारण परक्याचे केस शिवले होते. आणि मला उपड्या तांब्यावर ठेवलं.

आठ दिवसांनी साहेबांचा ताप उतरला. त्याच दिवशी कंपनीकडून फिरून आलेलं एक पत्र त्यांच्या हाती पडलं. लंडनहून आलं होतं. साहेबांनी ते दोनदा वाचलं, उशीखाली सारलं आणि डोक्याला रुमाल गुंडाळून वकिलांना म्हणाले, "माझा टोप द्या. आणि फोटोवाला बोलवा. गुरुवारच्या टपालानं फोटो गेलाच पाहिजे."

वकिलांनी मला आणून दिलं. साहेबांनी मला डोक्यावर चढवलं. मी टाळूवर वाटीसारखा बसलो. पुढे ओढलं तर मागून उचलला जात होतो, मागे सारलं तर पुढून. तेलाचा एक ओघळ त्यांच्या कपाळावरून नाकापर्यंत आला.

"हे कुणी केलं?"

दाराआड कुणीतरी हललं, पण बांगड्या वाजल्या नाहीत, म्हणून वकिलांना कळलं तिथे कोण उभं आहे. "माझ्या बहिणीनं. तिला वाटलं, धुवायला हवेत."

साहेब ओरडले नाहीत. खालच्या आवाजात म्हणाले, "ह्यावर माझं पोट होतं, मिस्टर वकील." आणि मला खाटेवर ठेवून भिंतीकडे तोंड करून निजले.

"पद्या, काय म्हणाले ते?" दाराआडून वेणूअक्कानं विचारलं.

वकिलांनी सांगितलं. ती म्हणाली, "चूक माझीच. पण त्या कागदात काय आहे ते विचार. तो वाचल्यापासनं त्यांचं तोंड उतरलंय. मी दारातनं बघत होते."

साहेबांनी उशीखालचं पत्र काढून वकिलांच्या हातात दिलं. वकील वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. लंडनचा एक चित्रपटवाला आता बोलपट काढणार होता. त्याला मॉर्लेंचा आवाज हवा होता, एका म्हाताऱ्या न्यायाधीशाच्या कामासाठी. 'पण कॅमेरा हातभर अंतरावर असतो. तुमचा टोप आम्हा सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे. तो इथे चालणार नाही. तुम्हाला तुमच्या उघड्या डोक्यानिशी काम करायची इच्छा आहे का? असल्यास तसा फोटो पाठवा. पुढच्या टपालानं आला नाही तर काम दुसऱ्याला देऊ.'

"सगळ्यांना ठाऊक होतं," साहेब भिंतीकडे पाहतच म्हणाले. "नऊ वर्षं. मी टोप घालूनच फोटो पाठवणार होतो. बघा म्हणावं, कुठे दिसतोय. आता तेही गेलं. राहू दे. मी काही पाठवत नाही."

वकिलांनी हेही बहिणीला सांगितलं. वेणूअक्का उंबऱ्याच्या अलीकडे आली. पदर आणखी पुढे ओढला.

"त्यांना सांग पद्या. माझे केस गेले तेव्हा मी सतरा वर्षांची होते. न्हावी मागच्या दारी येऊन बसला होता. अप्पा होते, काका होते, सगळे होते. केस ठेवायचेत का गं, असं मला कुणी विचारलं नाही. ह्यांना तर बोटीनं कागद पाठवून विचारलंय. ज्याला विचारतात त्यानं उत्तर तरी द्यावं."

वकिलांना ते इंग्रजीत सांगताना पुन्हा पुन्हा थांबावं लागलं. त्या दिवशी त्यांनी आवाज उंच नेला नाही. साहेब कूस वळून दाराकडे पाहू लागले. तिथे तांबड्या पदराची कड तेवढी दिसत होती.

"कुणीच विचारलं नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही," वकील म्हणाले. मग, "मीसुद्धा."

दुसऱ्या दिवशी सकाळी, बुधवारी, दाजीबानपेठेतून पुंडलिक फोटोवाला आला. अंगणात खुर्ची मांडली. साहेबांनी रुमाल सोडला, घडी केला आणि खिशात ठेवला. मला पुन्हा तांब्यावर, खिडकीत ठेवलं होतं; तिथून मी पाहत होतो. नऊ वर्षांत त्या डोक्याला ऊन लागलं नव्हतं. ते अंड्यासारखं पांढरं होतं, आणि खालचा चेहरा रापलेला.

पुंडलिकानं काळ्या कापडात डोकं घातलं आणि पुन्हा बाहेर काढलं. "वकीलसाहेब, ह्यांना जरा मान तिरकी करायला सांगा. ऊन डोक्यावरनं निघून थेट माझ्या काचेत येतंय."

श्यामलानं आतून तांदळाची पिठी आणून दिली. पुंडलिकानं ती साहेबांच्या टाळूला हलक्या हातानं लावली. "आता झकास. जेवायला बसलेल्या भटजीसारखे दिसताय. इल्लि नोड्री, इकडे बघा."

वकिलांनी इंग्रजीत ते तसंच सांगितलं. साहेब हसू आवरत होते तेवढ्यात पुंडलिकानं झाकण उघडून मिटलं.

फोटो गुरुवारच्या टपालानं गेला. पंधरा दिवसांनी ताकद आल्यावर साहेबही मुंबईला निघाले. निघताना ते उंबऱ्यापाशी थांबले. मला दोन्ही हातांत धरून त्यांनी वेणूअक्कापुढे ठेवलं. इतके दिवस दारावर येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून कानावर पडलेलं एकच कानडी वाक्य त्यांना येत होतं, तेच त्यांनी नमस्कार करून म्हटलं, "ऊटा आयितु?" म्हणजे, जेवण झालं का? वेणूअक्का पदराआडून म्हणाली, "आयितु." दोघांना एकमेकांशी वकिलांशिवाय बोलता आलं ते एवढंच.

मी त्या घरचा झालो. दर शुक्रवारी वेणूअक्का मला तेल लावी, विंचरी. श्यामला दारातून पाहत असे. तिकडे साहेबांचं दुसरं आयुष्य सुरू झालं. न्यायाधीश झाले, शाळेचे हेडमास्तर झाले, जहाजाचे म्हातारे कप्तान झाले. रंगभूमीवरही आता उघड्या डोक्यानं उभे राहू लागले. वर्तमानपत्रांची कात्रणं वकिलांना येत. एका कात्रणात लिहिलं होतं की मॉर्ले आता पूर्वीपेक्षा कमी हातवारे करतात आणि जास्त ऐकतात.

१९३४ साली त्यांचा एक बोलपट हुबळीत लागला. वकिलांनी विचारलं, "अक्का, येतेस?" आलवणातल्या बाईनं असल्या ठिकाणी जाणं तेव्हा कुणाला रुचलं नसतं. ती दुपारच्या खेळाला श्यामलाबरोबर गेली आणि बायकांच्या बाकावर बसून आली. आल्यावर पाय धुऊन माझ्यासमोर बसली.

"एक अक्षर कळलं नाही बाई," ती म्हणाली. "पण भिंतीएवढं तोंड होतं त्यांचं. आणि डोकं तसंच्या तसं. हजार माणूस बघत होतं, तरी कुणी हसलं नाही. रडत मात्र होते चौघंजण."

पुढच्या सोमवारी न्हावी आला. मागच्या दारी धोकटी उघडून, वस्तरा पाजळून बसला. वेणूअक्का दारात उभी राहिली.

"बाबू, आजपासनं येऊ नकोस."

"पुढच्या पंधरवड्याला येऊ काय, अक्का?"

"नको. कधीच नको."

बाबूनं वकिलांकडे पाहिलं. वकील पाणी प्यायला आले होते, तांब्या हातात तसाच राहिला. "माझ्याकडे काय बघतोस?" ते म्हणाले. "तिनं सांगितलं ना."

गावात काही महिने उलटसुलट बोललं गेलं. हळदीकुंकवाच्या आमंत्रणांतून श्यामलाचं नाव गळलं, एका आचाऱ्यानं वेणूअक्काच्या हातचं पाणी नाकारलं. इकडे वेणूअक्काचे केस वाढत होते. आधी खुंट, मग बोटभर, मग कानापर्यंत. पन्नाशीत आलेले ते पांढरेशुभ्र केस श्यामला अंगणात बसून विंचरी. दर शुक्रवारचं तेल आता तिकडे जाऊ लागलं. मी एका पत्र्याच्या पेटीत गेलो. मला त्याचं वाईट वाटलं नाही, असं म्हणालो तर ते तुम्हाला खरं वाटणार नाही. थोडं वाटलं.

१९४३ साली, लढाई चालू असताना, साहेब गेल्याचं पत्र आलं. वकिलांनी ते ओसरीवर वाचून दाखवलं. वेणूअक्का उठली आणि न्हाणीघरात गेली. आली ती डोक्यावरून न्हाऊन, केस निथळत.

"वन्सं, अवेळी कसली आंघोळ?" श्यामलानं विचारलं.

"घरचं माणूस गेल्यावर करतात ती."

त्या दिवशी तिनं मला पेटीतून काढलं, झटकलं आणि पुन्हा तांब्यावर ठेवलं. अजून मी तिथेच आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं माझ्या जातीचे सगळेच तुम्हाला सांगतात. मीही सांगतो. मला कसर लागू देऊ नका, जवळ डांबराच्या गोळ्या ठेवा, आणि कढत पाणी तर अजिबात नको. पण त्याआधी एक काम करा. तुमच्या घरात कुणीतरी असेल, ज्याच्या वतीनं सगळे ठरवतात आणि ज्याच्याशी कुणी बोलत नाही. आज जेवायच्या आधी त्याच्याजवळ बसा आणि विचारा, तुला काय हवंय. उत्तर यायला वेळ लागला तर उठू नका.