काळी थुंकी

वेल्फेअर हॉलमध्ये त्या गुरुवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. इंग्लंडातल्या बार्न्सलीजवळच्या त्या गावातली कोळशाची खाण बंद होऊन तीस वर्षं झाली, पण तिची धूळ म्हाताऱ्यांच्या छातीत अजून मुक्कामाला होती. हॉलभर नुसती घरघर. आणि मंचावर, पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात, ब्रदर अँब्रोज.

"श्वास देवाचा, धूळ सैतानाची!" तो गरजला. "पुढे वाका. शिट्टी वाजवताना करता तसे ओठ करा. हळू सोडा, हळू... मी दिलेली पवित्र गोळी जिभेवर विरघळू द्या. आता खोका!"

म्हातारे खोकले. पांढऱ्या रुमालांवर काळं पडलं.

"अरे देवा!" कुणीतरी ओरडलं. "तीस वर्षांची घाण निघाली!"

म्हाताऱ्या खाणकामगार नेव्हिलनं आपला रुमाल पाहिला आणि त्याचे डोळे भरून आले. खाणीतली पाळी संपवून वर आलं की काळं थुंकायचं, आणि थुंकी पांढरी झाली की छाती साफ झाली म्हणायचं, ही खाणवाल्यांची जुनी समजूत. ती त्याच्या हाडीमासी खिळली होती. अँब्रोजनं ती बरोबर हेरली होती.

"श्वासाच्या औषधाचे पंप म्हणजे शंका! शंका धरलीत तर धूळ आतच राहील!" अँब्रोजनं बजावलं. नेव्हिलनं घरी जाताना दोन्ही पंप कचऱ्यात टाकले.

तीन आठवड्यांत जिन्याच्या चार पायऱ्या चढताना त्याचे ओठ निळे पडायला लागले.

"नेव्ह, मला फार भीती वाटते रे," त्याची बायको ग्लेनिस म्हणाली. "तू झोपलास की छातीवर हात ठेवून बघते मी, श्वास चालू आहे ना ते."

"अगं, घाण निघताना त्रास व्हायचाच."

"मग शेफिल्डच्या इस्पितळात चल. तिथल्या नव्या एमआरआयमध्ये फुप्फुसात हवा कुठे कुठे जाते ते दिसतं म्हणे. छाती साफ झाली असेल तर दिसेलच की! मी खोटी ठरले तर पुन्हा तोंड उघडणार नाही."

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा कामाचं बोललीस," नेव्हिल म्हणाला आणि तयार झाला.

पण यंत्र पाहताच तो दारातच थांबला. एकोणऐंशी साली खाणीचं छत कोसळून तो नऊ तास एका फटीत अडकला होता. समोर तीच फट होती, फक्त पांढरी.

"मला नाही जमायचं, पोरी," तो तपासणीच्या डॉक्टर इमोजेनला म्हणाला.

"भीती वाटतेय ना, काका? वाटू दे. ही घंटी हातात धरा, दाबली की लगेच बाहेर काढते. पिशवीतला झेनॉन वायू ओढायचा आणि पंधरा सेकंद श्वास धरायचा. वायू जिथे पोचेल तिथे चित्रात उजेड दिसेल."

आत धाडधाड आवाज सुरू झाला. नेव्हिलला घाम फुटला. अंगठा घंटीवर होता, पण त्यानं ती दाबली नाही. छाती साफ आहे हे त्याला सिद्ध करायचं होतं ना!

पडद्यावर उजवं फुप्फुस निम्म्याहून जास्त काळं होतं. डावीकडे उजेडाचे काही तुकडे.

"हे काळं... ही धूळ का?" त्यानं पडद्याकडे बोट केलं.

"नाही. तिथे हवा पोचतच नाही. आतल्या वाटा आवळल्यात. पंप कधी बंद केलेत?"

नेव्हिलनं खाली मान घातली आणि खिशातून काळा रुमाल काढला. "मग ब्रदरची पवित्र गोळी विरघळवून खोकलो की हे काय निघतंय?"

"ती गोळी आहे का जवळ?"

डॉक्टरीणबाईंनी गोळी मोडली. वर साखरेचा पांढरा थर, आत काळी पूड.

"कोळशाची पूड आहे ही. खाणीतून वर आल्यावर थुंकत होतात ती त्या दिवसाची, वरवरची धूळ. खोल रुतलेली तीस वर्षांनी खोकून निघत नाही."

"पण शिट्टीसारखे ओठ करून श्वास सोडला की मला बरं वाटायचं हो!"

"वाटणारच. ओठ आवळून हळू श्वास सोडायला आम्हीच शिकवतो, फुकट. त्याला देव लागत नाही की सैतान."

पुढच्या गुरुवारी गोळ्या वाटायच्या आधीच नेव्हिल उठला. "ब्रदर, आज आम्ही आधी थुंकतो. गोळी नंतर."

रुमाल निघाले. सगळे पांढरे. मग नेव्हिलनं जपून ठेवलेली दुसरी गोळी मोडून आतली पूड सगळ्यांना दाखवली.

"याच्या अंगात सैतान शिरलाय!" अँब्रोज किंचाळला, पण एक पाय दाराकडे वळलेलाच होता.

"नेव्ह, असं बोलू नये," त्याचा जुना सोबती आल्फ घाबरून म्हणाला.

"आल्फ, छत ठोकून ऐकल्याशिवाय त्याखाली कधी पाऊल टाकलं का आपण? आवाज बोदा, पोकळ आला तर मुकादमाच्या बापाचंही ऐकत नव्हतो. मग इथेच का नाही ठोकलं? याचा सदरा पांढरा म्हणून?" नेव्हिलला धाप लागली. त्यानं सगळ्यांसमोर नवा पंप काढून ओढला. "मी अजून घाबरलेलोच आहे. गेलेली छाती परत येत नाही. पण गड्यांनो, कुणीही काहीही सांगू दे, आधी ठोकून बघा. विचारा. तपासा. नाहीतर छत आपल्याच डोक्यावर येतं."

मग आल्फ पुढे आला आणि हळूच म्हणाला, "त्या यंत्रात मी जाईन तेव्हा बाहेर थांबशील का रे? मला एकट्याला नाही जमायचं."

"थांबेन," नेव्हिल म्हणाला.