भट्टीपुढची प्रार्थना

पहिल्या खेपेचा दादाने कोळसा केला तेव्हा सकाळचे पावणेआठ वाजले होते, आणि अकरा वाजता आईची सगळी माणसं बेकरीत जमणार होती.

"पंचावन्न मिनिटं! अगदी शास्त्रशुद्ध!" मोबाइलवरचं घड्याळ माझ्या नाकासमोर नाचवत दादा म्हणाला. दादा पूल बांधतो. जगातली प्रत्येक गोष्ट आधी कागदावर उभी राहते असं त्याला वाटतं.

"तुझं शास्त्र गेलं चुलीत, आणि जाताना बारा पाव घेऊन गेलं!" मी ओरडले. मी ओरडतेच. घरात कुणाला त्याचं नवल नाही.

आई जाऊन महिना झाला होता. महिनाभर भट्टी थंड होती. आज तिची आठवण काढायला तिच्या प्रार्थनागटातल्या बायका, जुनी गिऱ्हाइकं, शेजारपाजारचे असे सगळे येणार होते आणि मी फोनवरून प्रत्येकाला ठणकावून सांगितलं होतं, "भाषणं नकोत. आईचा पाव देणार आहोत." बोलून बसले! आता तो पाव भट्टीत किती वेळ ठेवायचा हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

पीठ मळायचं काम बाबांचं, गल्ल्यावर धाकटी. भट्टीपाशी मात्र चाळीस वर्षं फक्त आई. ती घड्याळाकडे ढुंकूनही बघायची नाही. पाव आत सरकवायची, लोखंडी दार धाडकन लावायची, भिंतीवर तळवा टेकून डोळे मिटायची आणि देवाशी बोलायला लागायची. तिचं बोलणं संपलं की पाव झालेला असायचा. मधे दार उघडून बघायची सोय नाही, उघडलं की पाव बसतो. कच्चा बाहेर काढलेला पाव परत आत टाकूनही उपयोग नाही.

"आणखी दोन खेपांचं पीठ आहे," बाबा म्हणाले. अर्ध्या बहिऱ्या माणसासारखे मोठ्याने.

"मग प्रार्थनाच म्हणू या," धाकटी म्हणाली. "बारा वर्षं ऐकलीय मी. तोंडपाठ आहे."

देवाचं आणि माझं कधी जमलं नाही. पण पाव हवा होता. "म्हण! शब्द न् शब्द म्हण, आईच्याच चालीने! दादा, तो मोबाइल खिशात घाल!"

पाव आत गेले. धाकटीने भिंतीला हात लावला, डोळे मिटले आणि तिच्या तोंडून अशी काही आई बोलायला लागली की माझ्या अंगावर काटाच आला.

"देवा, यांचा एक कान तू नेलास, दुसरा तरी शाबूत ठेव. थोरल्याचे पूल उभे राहू देत, आणि त्याच्या बडबडीखाली सूनबाई दबू नये. पोस्टमनच्या गुडघ्याचं तेवढं बघ, अजून चार वर्षं जिने चढायचेत त्याला. वरच्या भाडेकरूला बासरीत सूर दे. ते जमत नसेल तर आम्हालाही यांच्यासारखा कान दे."

मी खोखो हसले. बाबांना अर्धंच ऐकू आलं, तरी तेही हसले. तीसेक माणसं झाली. शिंपीणबाईंचा मोतीबिंदू, नळवाल्याचं लग्न, शाळेतल्या बाईंची बदली. प्रत्येक नावाला मी कान टवकारत होते, आणि माझं नाव काही येत नव्हतं.

"संपलं," धाकटी म्हणाली.

"माझं नाव?"

धाकटीने मान खाली घातली. "ताई, तुझं नाव ती घेत नव्हती."

बरोबरच होतं म्हणा. मीच बजावलं होतं. एकोणिसाव्या वर्षी बॅग उचलून घर सोडताना याच भट्टीसमोर उभी राहून मी किंचाळले होते, "तुझ्या देवासमोर माझं नाव घ्यायचं नाही! कबूल कर!" आईचे हात पिठात होते. ती म्हणाली, "बरं. नाव नाही घेणार." आई शब्दाची पक्की. बावीस वर्षं मी वर्षातून दोनदा पाहुणीसारखी येत राहिले आणि तिने शब्द मोडला नाही. माझ्याच मनासारखं झालं होतं. मग रडू का यावं? पण आलं.

"रडत काय बसलीस, पाव बघ!" दादा ओरडला.

पाव बाहेर काढले. बुडाशी टिचकी मारली की पाव पोकळ वाजायला हवा. हा भद्द वाजला. कापला तर आत चिकट गोळा.

आता शेवटची खेप. सव्वानऊ वाजले होते.

"काहीतरी राहिलंय," मी धाकटीचे खांदे गदागदा हलवले. "आठव ना गं! कोण राहिलं?"

"माणसं सगळी झाली, देवाशपथ! शेवटी फक्त भट्टीचं असायचं. ते मी सोडलं. भट्टी काय माणूस आहे?"

"अगं माझे आई! मग तेच राहिलं की! म्हण ते!"

साडेनऊला शेवटचे बारा पाव आत गेले. बाबांचा कान, दादाचे पूल, गुडघा, बासरी, मोतीबिंदू... आता कुणी हसत नव्हतं. दादासुद्धा हात जोडून उभा होता. तीस माणसं संपली. धाकटीने श्वास घेतला.

"आणि देवा, तिला फार तापू देऊ नकोस. तापलीच तर लवकर निवू दे. बाहेरून करपली तरी आतून मऊ राहू दे. तिला कुणी हात लावायला घाबरू नये. एकटी धुमसत ठेवू नकोस तिला, जवळ कुणीतरी असू दे. तिला वेळेवर दोन घास मिळू देत. आणि तिला घरी आण."

"कोणाला?" दादाने विचारलं.

"भट्टीला."

"भट्टी घरीच आहे की! जाईल कुठे ती?"

धाकटीचे डोळे खाडकन उघडले. तिने माझ्याकडे बघितलं. दादानेही बघितलं.

"भट्टीसाठी कोण प्रार्थना करतं, वेड्यांनो?" बाबा गरजले. "नाव घेणार नाही असा शब्द दिला होता तिने. नाव कुठे घेतलं? 'ती' म्हणायची."

मी काय केलं ते सांगायला लाज नाही वाटत. मी भोकाड पसरलं. एकेचाळीस वर्षांची घोडी मी, पिठाच्या पोत्यावर बसून हमसाहमशी रडले. बावीस वर्षं, रोज, प्रत्येक खेपेला! आणि मी समजत होते, मी सुटले.

"पाव!" दादा किंचाळला. "प्रार्थना थांबली! आता वेळ कशी कळणार?"

धाकटीही रडायला लागली होती. मी बाबांच्या शाबूत कानाशी तोंड नेलं. "बाबा, पुढे काय म्हणायची?"

"पुढे काही नाही. 'घरी आण' एवढंच तीनदा म्हणायची. मधे थांबायची. बराच वेळ."

मी उठले. भिंतीला तळवा टेकला. चटका बसला, तरी काढला नाही. देव असेल, नसेल, त्याचं तो बघेल. डोळे मिटले आणि म्हटलं, "तिला घरी आण." थांबले. परत म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना मला माझं काहीच आठवत नव्हतं, नुसती आई दिसत होती, पिठाच्या हातांची, आणि मी तिच्यासाठी मागत होते.

"उघड!"

दादाने दार ओढलं. मी पहिला पाव उलटा करून टिचकी मारली. ठण्! दुसरा. ठण्! बाराच्या बारा! धाकटी जागच्या जागी उड्या मारत होती, दादा पावाचे फोटो काढत होता, मी सगळ्यांना शिव्या घालत होते, आणि बेकरीभर तो वास.

बाहेर माणसं जमायला लागली होती. दारातून कुणीतरी विचारलं, "काय हो, जमलं का?"

बाबांना किती ऐकू आलं देव जाणे. त्यांनी माझा पिठाने भरलेला हात धरला आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "हो! आली घरी!"